'नॅव्हिगेशन' काढायचे म्हणजे फाइलीतून नेमके काय काढायचे?

प्रश्न असा आहे. समुद्रतळाच्या सोनार सर्वेक्षणाविषयीच्या एका मार्गदर्शिकेचे मराठीकरण चालू आहे आणि तिच्यात 'एक्स्ट्रॅक्ट नॅव्हिगेशन फ्रॉम द सोनार फाइल्स' ही सूचना वारंवार येते. विचारणाऱ्यांनी तिचे 'सोनार फाइल्समधून नौवहन निष्कर्षित करा' असे केले आहे, पण ते त्यांच्याच कानाला खटकते आहे. नौवहनाऐवजी नौकानयन, दिशादर्शन किंवा मार्गदर्शन चालेल का, असे त्यांनी विचारले आहे. जाता जाता आणखी एक शंका आहे: 'फाइल्समधून' लिहावे की 'फायलींतून'?

माझ्या मते या चारांपैकी एकही शब्द इथे बसत नाही. मी 'मार्गनोंद' हा शब्द वापरीन आणि ती 'निष्कर्षित' करण्याऐवजी तिचा 'उतारा काढा' असे म्हणेन. हे सुचवण्यामागे केवळ कानाची आवडनिवड नाही. त्या फाइलीत काय असते ते पाहिले की नौवहन आणि दिशादर्शन दोन्ही का चुकतात ते लक्षात येते.

मल्टिबीम सोनार जहाजाखालून पंख्यासारखा पसरलेला आवाज पाण्यात सोडतो आणि तळावर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकतो. जायला-यायला लागलेल्या वेळावरून खोली कळते. पण नुसती खोली कळून उपयोग काय? त्या क्षणी जहाज पृथ्वीवर कुठे होते, त्याचे तोंड कुठे होते, ते किती कलले होते, हे ठाऊक असल्याशिवाय त्या खोलीला नकाशावर जागा मिळत नाही. म्हणून सर्वेक्षणाच्या फाइलीत निरनिराळ्या यंत्रांच्या नोंदी एकमेकींत मिसळून, आल्या त्या क्रमाने साठवलेल्या असतात. खोलीची नोंद, मग जहाजाच्या डोलण्याची, मग उपग्रह-ग्राहकाने, म्हणजे उपग्रहांचे संकेत घेणाऱ्या यंत्राने, दिलेल्या स्थानाची, पुन्हा डोलण्याची, मधेच पाण्यातल्या ध्वनिवेगाची. या गर्दीतून स्थान, वेळ, दिशा आणि वेग यांच्या नोंदी वेगळ्या करून घ्यायच्या, एवढाच त्या इंग्रजी सूचनेचा अर्थ आहे.

आता 'नॅव्हिगेशन' घेऊ. मूळ लॅटिन शब्दात 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे. यातला 'नाविस' आणि आपला संस्कृत 'नौ' ही एकाच मुळाची भावंडे. जहाज हाकण्याची विद्या या अर्थाने 'नौकानयन' हा शब्द उत्तम आहे, त्याला हात लावायचे कारण नाही. फोनवरच्या नकाशात आवाज येतो, 'पुढे डावीकडे वळा', तिथे 'दिशादर्शन' शोभते. पण या दोन्ही शब्दांचा रोख पुढच्या वाटेवर आहे. कुठे जायचे, कसे जायचे, हे ते सांगतात. सर्वेक्षणाच्या फाइलीतले नॅव्हिगेशन नेमके उलट आहे. जहाज कधीच बंदराला परतले आहे, सर्वेक्षण संपले आहे, आणि फाइल सांगते आहे की अमुक क्षणी आम्ही अमुक ठिकाणी होतो. इंग्रजीने विद्येचे नाव तिच्या नोंदीलाही देऊन टाकले. बोलताना तर सर्वेक्षक नुसते 'नॅव्ह' म्हणतात. मराठीत तो घोळ तसाच आणायची गरज नाही.

गंमत म्हणजे 'सोनार' या शब्दातही नॅव्हिगेशन दडलेले आहे. 'साउंड नॅव्हिगेशन अँड रेंजिंग' याचे ते लघुरूप. तिथे मात्र तो शब्द वाट शोधण्याच्या मूळ अर्थानेच आलेला आहे. म्हणजे तुमच्या एका वाक्यात तो शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी हजर आहे, एकदा उघड आणि एकदा लपून.

नौवहनाचा दोष निराळा. 'वहन' म्हणजे वाहून नेणे. हा शब्द आपल्याकडे मालवाहतूक, जहाज कंपन्या, बंदरांचा कारभार या संदर्भात रुळला आहे. 'फाइलीतून नौवहन काढा' हे वाचणाऱ्याला आधी मालाच्या याद्या आठवतील. 'मार्गदर्शन' तर सल्ला या अर्थाला इतके चिकटले आहे की त्याचा विचारही नको.

'मार्गनोंद' का, 'स्थाननोंद' का नाही, असे कोणी विचारील. खरे तर दोन्ही शब्द हवेत, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोंग्सबर्ग कंपनीच्या सोनारांची 'डॉट ऑल' ही जुनी, सर्वत्र भेटणारी फाइल घ्या. तिच्यात प्रत्येक नोंदीला प्रकार सांगणारे एक अक्षर असते आणि स्थानाच्या नोंदीचे अक्षर 'पी' आहे. त्या नोंदीत अक्षांश 2 कोटींनी आणि रेखांश 1 कोटींनी गुणून पूर्णांकात साठवलेला असतो. अक्षांश फार तर 90 अंश, रेखांश फार तर 180. त्यामुळे दोन्ही गुणाकार 180 कोटींच्या आत राहतात आणि 32 बिटांच्या चिन्हांकित, म्हणजे धन-ऋण दोन्ही आकडे घेणाऱ्या, पूर्णांकात मावतात. अशी एक सुटी नोंद म्हणजे स्थाननोंद. एका क्षणी एक ठिकाण, बस. अशा शेकडो नोंदी काळाच्या क्रमाने लावल्या, त्यांना दिशा आणि वेग जोडला, की जहाजाने चाललेली वाट उभी राहते. ती मार्गनोंद. मार्गदर्शिकेत जिथे एकेका नोंदीविषयी बोलणे आहे तिथे पहिला शब्द, जिथे सगळ्या मालिकेविषयी आहे तिथे दुसरा.

'मार्ग' संस्कृत आणि 'नोंद' रोजच्या मराठीतला, अशी जोडी जुळवू नये असे काहींना वाटते. 'जन्मनोंद' आपण बिनदिक्कत लिहितो, तेव्हा हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही.

'निष्कर्षण' हा शब्द घडवणाऱ्याची मेहनत मला दिसते. लॅटिनमध्ये 'बाहेर' आणि 'ओढणे', संस्कृतात 'निस्' आणि 'कर्षण', तुकड्याला तुकडा बरोबर जुळतो. रसायनशास्त्रात तो चालतोही, कारण तिथे मिश्रणातून पदार्थ खरोखर ओढून काढला जातो. पण मराठी वाचकाच्या कानात 'निष्कर्ष' पक्का बसला आहे. 'नौवहन निष्कर्षित करा' म्हटल्यावर त्याला वाटते, माहितीवरून काही अनुमान काढायचे आहे. आणि दुसरी, अधिक महत्त्वाची अडचण: ओढून काढले की मूळ जागी ते उरत नाही. इथे तर मूळ फाइल जशीच्या तशी राहिली पाहिजे. सर्वेक्षणात कच्ची फाइल हाच अखेरचा पुरावा असतो, तिच्यावर कोणी काही लिहीत नाही. आपण फक्त तिच्यातला हवा तो भाग वेगळ्या फाइलीत उतरवून घेतो.

या क्रियेला मराठीत शब्द आधीपासून आहे आणि तो घराघरांत ठाऊक आहे. सातबाराचा आपण उतारा काढतो. मूळ नोंदवही दप्तरात जागच्या जागी राहते, आपल्याला हव्या त्या नोंदीची नक्कल हातात येते. फाइलीतून मार्गनोंद काढणे हुबेहूब हेच आहे. उताऱ्याचे मराठीत आणखीही अर्थ आहेत: पुस्तकातला उतारा, विषावरचा उतारा. पण 'मार्गनोंदीचा उतारा' म्हटल्यावर त्यांतला कोणताही आड येत नाही. क्रियापदच हवे असेल तर 'उतरवून घेणे' आहेच.

मार्गदर्शिकेत एमबी-सिस्टिम या खुल्या संगणकप्रणालीचा उल्लेख असेल तर एका ठिकाणी खास जपा. तिच्यात मार्गनोंद देणारी दोन साधने आहेत आणि इंग्रजीत दोन्ही 'नॅव्हिगेशन'च देतात. 'एमबीनॅव्हलिस्ट' हे साधन फाइलीतल्या स्थाननोंदी मूळ वेळांसह यादीत मांडते. 'एमबीलिस्ट' मात्र प्रत्येक पिंगच्या, म्हणजे सोनारने एकदा आवाज सोडण्याच्या, क्षणाचे स्थान देते. फरक बारीक वाटतो, पण तसा नाही. उपग्रह-ग्राहक बहुधा सेकंदाला एक किंवा अधिक स्थाने देत असतो. पिंगचा ताल पाण्याच्या खोलीवर ठरतो. 4000 मीटर खोल पाण्यात, आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो असे धरले तर, सरळ खाली जाऊन परत यायलाच पाच सेकंदांहून अधिक लागतात. उथळ पाण्यात एका सेकंदात कितीतरी पिंग होतात. दोन्ही वेळा जुळत नाहीत, म्हणून दोन स्थाननोंदींच्या मधले स्थान गणिताने काढावे लागते. गणिताच्या पुस्तकांत याला 'अंतर्वेशन' म्हणतात. तेव्हा पहिल्या साधनाचे फलित 'मूळ मार्गनोंद' आणि दुसऱ्याचे 'पिंगवार मार्गनोंद' असे लिहा. इंग्रजी वाचकाला हा भेद दोन साधनांची माहितीपत्रके वाचून कळतो, मराठी वाचकाला शब्दातूनच कळू द्या.

याच प्रणालीत 'एफएनव्ही' नावाची छोटी सोबतफाइल असते, साधा मजकूर असलेली. तिच्या एकेका ओळीत वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, मग 1970च्या आरंभापासून मोजलेले सेकंद, रेखांश, अक्षांश, नाळेची दिशा, वेग ताशी किलोमीटरमध्ये, आणि पुढे जहाजाच्या डोलण्याचे आकडे असतात. रेखांश आधी आणि अक्षांश नंतर, हे तक्त्याच्या मथळ्यांचे मराठीकरण करताना विसरू नका. सवयीने आपण 'अक्षांश-रेखांश' म्हणतो आणि हात आपोआप तसाच लिहून मोकळा होतो.

वर 'नाळेची दिशा' लिहिले ते मुद्दाम. इंग्रजीत 'हेडिंग' आणि 'कोर्स' हे दोन वेगळे आहेत आणि मराठीत दोन्हींचे सरसकट 'दिशा' केलेले मी पाहतो. नाळ म्हणजे जहाजाचे पुढचे टोक. ते जिकडे वळलेले असते तिकडेच जहाज जाते असे नाही. आडवा प्रवाह असला की नाळ एकीकडे आणि प्रत्यक्ष वाट दुसरीकडे. पंख्यासारखा आवाज जहाजाच्या अंगाला धरून पसरतो, वाटेला धरून नाही, म्हणून खोलीच्या नोंदी योग्य जागी बसवायला नाळेची दिशाच लागते. 'नाळेची दिशा' आणि 'वाटेची दिशा' असे दोन शब्द ठेवले की घोटाळा मिटतो.

कुणाचे स्थान, हाही प्रश्न उरतो. अँटेना जहाजाच्या माथ्यावर, सोनार तळाशी, आणि मोजमापाचा संदर्भबिंदू भलतीकडेच. साइड-स्कॅन सोनार तर केबलने मागे ओढला जातो. केबल ताणलेली आणि सरळ धरली, ती 100 मीटर सोडली आणि यंत्र तिच्या वरच्या टोकापासून 60 मीटर खाली असले, तर ते त्या टोकाच्या 80 मीटर मागे असते. इंग्रजीतल्या 'लेबॅक'ला मी 'पिछाडीचे अंतर' म्हणेन. एक्सटीएफ या फाइल-प्रकारात जहाजाचे स्थान आणि ओढल्या जाणाऱ्या यंत्राचे स्थान यांच्यासाठी वेगवेगळे रकाने आहेत, म्हणून तिथे नुसते 'स्थान' लिहून भागणार नाही. 'जहाजाचे स्थान', 'यंत्राचे स्थान' असे पूर्ण लिहा, वाक्य लांबले तरी.

वेळेचेही तसेच. उपग्रहांचे जीपीएस घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, 2017पासून 18 सेकंद पुढे आहे. 10 नॉट वेगाने चाललेले जहाज 18 सेकंदांत 92 मीटरांहून अधिक पुढे सरकते. मूळ मजकुरात कोणती वेळ ते सांगितले असेल तर भाषांतरात नुसते 'वेळ' लिहून ते पुसू नका. डॉट ऑल फाइलीत तारीख वेगळी आणि वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांत असते. 'दिवसाची वेळ' असे मोघम लिहिले तर मध्यरात्र ओलांडणाऱ्या फाइलीत आकडा पुन्हा शून्यावर का आला ते वाचकाला कळणार नाही. 'मध्यरात्रीपासून लोटलेला वेळ' लिहा.

अंश आणि मिनिटांबाबतही एक सावधगिरी. उपग्रह-ग्राहकाकडून येणाऱ्या, स्थान सांगणाऱ्या 'जीजीए' नावाच्या ओळीत 1530.5 असा आकडा असेल तर तो 15 अंश 30.5 मिनिटे असतो, म्हणजे दशांशात 15.5083 अंश. तो 15.305 अंश समजला तर अक्षांशात सुमारे 22 किलोमीटरांची चूक होते. म्हणून 'अंश-मिनिटे' आणि 'दशांश अंश' हे दोन शब्द मार्गदर्शिकेत पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच ठेवा.

तुमच्या मसुद्यात एके ठिकाणी 'समुद्रसपाटीचे सर्वेक्षण' आले आहे. हिंदीत 'समुद्र तल' म्हणजे समुद्रसपाटी, मराठीत समुद्रतळ म्हणजे पाण्याखालची जमीन. हिंदी मसुदा समोर ठेवून काम केले की हा शब्द हमखास उलटा होतो. तेवढा दुरुस्त करा.

'फायलींतून' बरोबर. 'फाइल' मराठीत स्त्रीलिंगी म्हणून रुळली आहे, तिचे अनेकवचन 'फायली' सहज होते. इंग्रजी 'स'ला मराठी प्रत्यय जोडून 'फाइल्समधून' करायचे कारण नाही. तुमची सूचना मग अशी होईल: 'सोनार सर्वेक्षणाच्या फायलींतून मार्गनोंदीचा उतारा काढा.' आणि मूळ साधन एमबीनॅव्हलिस्ट असेल तर 'मूळ मार्गनोंदीचा'.