आई-वडील पैसे मागत नाहीत, तरी दर महिन्याला द्यायला हवेत का?

तुम्ही लिहिलंय की पगार ४५ हजार, होम लोनचा हप्ता चालू, आईबाबा गावी स्वतःच्या घरात राहतात, ते काही मागत नाहीत आणि मिसेस म्हणतात मागत नाहीत तर द्यायचे कशाला. माझं मत, द्या. मागत नाहीत म्हणूनच द्या, कारण त्या वयाची माणसं पोटच्या पोरापुढे हात पसरायच्या आधी गोळ्या अर्ध्या करून खातील, हे मी घरात पाहिलंय.

आधी त्यांना येतं किती ते नीट बघा. माझे पप्पा नाशिकला सातपूर एमआयडीसीत फिटर होते, त्यामुळे सगळ्या नातेवाइकांना वाटायचं की पेन्शन आहे ना, मग भागत असेल. अहो सरकारी पेन्शन वेगळी आणि कंपनीवाल्यांची ईपीएस-९५, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन, वेगळी, तिला महागाई भत्ता नाही, रिटायर होताना जो आकडा बसला तो बसला. २०१४ मध्ये किमान पेन्शन महिना १००० रुपये केली आणि पुढे वर्षानुवर्षं ती तिथेच. पप्पांना दोन-अडीच हजार येतात, त्यात दोघांच्या बीपी-शुगरच्या गोळ्याच जेमतेम होतात, लाइटबिल, गॅस, भाजी तर सोडूनच द्या.

मी आणि भाऊ, दोघांनी ठरवून अर्धे-अर्धे करतो. पगार झाला की ठरलेली रक्कम आपोआप जाते आणि ती आईच्या खात्यात जाते, पप्पांच्या नाही. हा मुद्दाम घेतलेला निर्णय आहे कारण तिला आयुष्यभर भाजीच्या पैशाचाही हिशोब द्यायला लागायचा. सुरुवातीला ती त्या पैशाला हातच लावेना, म्हणे तुमच्या पोरांना होतील. मग हळूच गल्लीतल्या बायकांची भिशी लावली आणि आता फोनवर सांगते की गुडघा दुखत होता, रिक्षा केली, डॉक्टरला दाखवून आले. पूर्वी हेच "बघू दिवाळीनंतर" असायचं, आणि दिवाळी झाली की मग शिमग्यानंतर.

हो, मी लग्न झालेली मुलगी आहे आणि तरी देते. सासरी सुरुवातीला कुजबुज झाली, आता कोणी बोलत नाही. लोकांना अजून वाटतं की सांभाळायचं फक्त मुलाने, पण १९८७ लाच सुप्रीम कोर्टाने कल्याणच्या एका डॉक्टर बाईंच्या केसमध्ये सांगितलंय की ज्या बापाला स्वतःचं भागवता येत नाही तो लग्न झालेल्या मुलीकडेही पोटगी मागू शकतो. त्यामुळे मिसेसशी भांडण्याआधी एक विचारा, तिच्या आईबाबांचं काय चाललंय? तिकडेही गरज असेल तर दोन्हीकडे सारखे पाठवा, थोडे का होईना. निम्मी कटकट तिथेच संपते.

आता किती द्यायचे, तर ४५ हजारात हप्ता जाऊन जे उरतं त्यात तीन-चार हजार नियमित जमतील एवढेच ठरवा. एकदम १५ हजार पाठवायचे आणि चौथ्या महिन्यात बंद करायचे, त्यापेक्षा हे बरं. आणि आईबाबांना देणं वेगळं, त्यांच्या नावाखाली धाकट्या भावाच्या बाइकचे हप्ते भरणं वेगळं, तिथे स्पष्ट नाही म्हणा. ज्यांच्या बापाने दारूपायी घर उद्ध्वस्त केलं त्यांना मी हे सगळं सांगणार नाही, त्यांचं त्यांनी ठरवावं.

२००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहेच, प्रांत अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, वकील लागत नाही, महिना १०,००० पर्यंत पोटगी लावता येते. पण तिथपर्यंत येतात ते बहुतेक घराबाहेर काढलेले आईबाप, तुमचे कधीच जाणार नाहीत. त्या कायद्यातलं एक मात्र त्यांना सांगून ठेवा, घर कोणाच्या नावे बक्षीसपत्र करायचंच असेल तर "आम्हाला सांभाळायचं" ही अट कागदावर लिहूनच करा, म्हणजे उद्या सांभाळलं नाही तर ते रद्द करून मागता येतं. आणि हे तुमच्या नावावर करत असतील तरीही.

दवाखान्याची भीती असेल तर ७० आणि त्यापुढच्यांना सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, पण योजनेत असलेल्याच हॉस्पिटलमध्ये. आधारवर निघतं. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा काढून द्या आणि जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते त्याच दिवशी बघून ठेवा.

अजून एक, त्यांच्या बँक खात्याला मोबाइल नंबर त्यांचाच राहू द्या. माझ्या ओळखीत एका घरी सोय म्हणून मुलाने स्वतःचा जोडला होता, तर त्या काकांना गॅस सिलिंडरचे पैसे ऑनलाइन भरायचे तरी ओटीपीसाठी मुलाला ऑफिसात फोन लावायला लागायचा, आणि तो विचारायचा, "कशाला हवेत?"