तुमचा एलडीएल मोजलेला नाही, वजाबाकी करून काढलेला आहे

तुमचे आकडे वाचले आणि सहा वर्षांपूर्वीचा माझाच रिपोर्ट समोर आल्यासारखं झालं. तुमचं एकूण कोलेस्टेरॉल २३१, एचडीएल (चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४६२, एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) १०३. तुम्ही विचारताय, एलडीएल तर बरा आहे, तूप तीन महिने बंद आहे, मग ट्रायग्लिसराइड वाढतंय कशाने, आणि आता शेंगदाणेही सोडू का? मी डॉक्टर नाही, गोळ्यांचं त्यांनाच विचारा. पण त्या १०३ वर निर्धास्त राहू नका.

कागद घेऊन करून बघा. २३१ वजा ३६ म्हणजे १९५. ४६२ ला ५ ने भागलं की साधारण ९२. १९५ मधून ९२ गेले, उरले १०३. जुळलं ना? हे फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांचं १९७२ चं सूत्र. चरबी पाण्यात मिसळत नाही, आमटीवर तवंग येतो तसा तो रक्तावर येऊ नये म्हणून यकृत ती प्रथिनांच्या वेष्टनात बांधून पाठवतं. त्या व्हीएलडीएल कणांत ट्रायग्लिसराइडच्या पाचव्या हिश्शाएवढं कोलेस्टेरॉल असतं असं सूत्र धरून चालतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे प्रमाण बिघडतं, व्हीएलडीएलच्या नावावर जास्त वजा होतं आणि एलडीएल आहे त्याहून कमी दिसतो.

माझा असाच १०७ आला होता. रक्त काढणारा मुलगा म्हणालाही होता, "सिरम दुधासारखं पांढरं आलंय, काल मटण झालं का?" रिपोर्टवर मात्र त्याबद्दल अक्षर नाही. वर्षभराने मला सूत्राचं कळल्यावर त्याच लॅबच्या काउंटरवर विचारायला गेले, तर उत्तर मिळालं, "मॅडम, ते कम्प्युटर काढतो." पॅथॉलॉजिस्टना भेटायचं म्हटलं तर ते "संध्याकाळी असतात", संध्याकाळी गेले तर "सकाळी". चार खेटे घातले. शेवटी दुसरीकडे पैसे भरून थेट मोजणारी तपासणी केली, एलडीएल १५१. तोवर दीड वर्ष मी "एलडीएल नॉर्मल" म्हणत डॉक्टरांकडे फिरकलेच नव्हते. लॅबवाल्यांचा राग येतो तो येतोच, पण फिरकले नाही ती मी. असो.

तुपाबद्दल. मीही बंद केलं होतं, आणि भूक भागवायला काय, तर साबुदाणा, केळी, चार वाजता बिस्किटं आणि "नैसर्गिक" म्हणून रोज मोठा ग्लास फळांचा रस. जास्तीची साखर यकृत चरबीत बदलतं आणि ट्रायग्लिसराइड म्हणून रक्तात सोडतं, हे ध्यानातच आलं नाही. तूप सोडून ते वाढलं ते यामुळे. (म्हणून तूप वाट्टेल तेवढं खा असं नाही, त्यातली संपृक्त चरबी एलडीएल वाढवते. वरणावर चमचाभर, माझ्यापुरतं.) आणि चरबीच नको म्हणून चालत नाही. पेशीचं आवरणच चरबीचं, पित्त आणि कितीतरी संप्रेरकं कोलेस्टेरॉलपासून बनतात, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीशिवाय नीट शोषली जात नाहीत. मूठभर शेंगदाणे खुशाल खा. गोड, मैदा आणि दारू असेल तर ती आधी थांबवा. दारूने ट्रायग्लिसराइड भराभर चढतं.

तेलाच्या पिशवीवरचं "कोलेस्टेरॉल फ्री" वाचून दहा रुपये जास्त मोजत असाल तर मोजू नका. वनस्पती तेलात ते नसल्यातच जमा असतं.

पुढच्या वेळी १२ तास उपाशी राहून जा, आदल्या रात्री जेवण साधं ठेवा. थायरॉइड तपासलंय का? ते मंदावलं तरी हे आकडे चढतात, माझ्या बहिणीचं तसंच निघालं. थेट एलडीएलचे पैसे नको वाटले तर एकूणमधून एचडीएल वजा केलेला १९५ हाच आकडा डॉक्टरांना दाखवा, त्यात पाचाने भागायची भानगड नाही. आणि ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा पुढच्या रिपोर्टची वाट न बघता याच आठवड्यात जाऊन या.