हाताने पोट तपासून बाळाची स्थिती खरंच कळते का?

हो, कळते. तुम्ही लिहिलंय की बायको आठव्या महिन्यात आहे, उपकेंद्रातल्या सिस्टर ‘नुसतं पोट चाचपून’ बाळ सरळ आहे, म्हणजे डोकं खाली आहे म्हणाल्या, तर त्यावर विसंबून राहावं की आणखी एक सोनोग्राफी करून घ्यावी. ‘नुसतं चाचपून’ हे वाचलं आणि लिहायला बसले. मी स्वतः बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स होते. आता निवृत्त आहे.

आमचा भाग जंगलाचा. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि जुलैत तिथं जो पाऊस लागतो तो बेळगावात बसून कळायचा नाही. ओढ्याला पाणी आलं की वस्ती तुटते. अशाच एका पावसाळ्यात एका वस्तीवरची बाई तपासणीला आली. चौथी खेप, ३७ आठवडे पूर्ण. सकाळभर रोप लावून, पायाला चिखल तसाच. सोबत सासू. हातात तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड, आणि बेळगावच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. रिपोर्ट ३० आठवड्यांचा, त्यात लिहिलेलं, बाळाचं डोकं खाली.

तिला आधी लघवीला जाऊन यायला सांगितलं. भरलेल्या मूत्राशयावर पोट बघू नये, डोकं आहे की काय ते फसवतं. मग पाठीवर झोपवून गुडघे दुमडायला लावले. पावसात हात गार पडतात, ते चोळून गरम केले, कारण गार हात लागला की पोट आक्रसतं आणि मग काहीच हाताला येत नाही. पण हात लावायच्या आधीच पोट बघून मनात पाल चुकचुकली. उंचीला कमी आणि आडवं पसरलेलं. टेप लावली तर जघनाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत ३१ सेंटिमीटर. एवढ्या दिवसांना सेंटिमीटर आणि आठवडे साधारण जुळतात, दोन-तीनचा फरक चालतो. इथं सहाचा होता.

गर्भाशयाच्या वरच्या टोकाला दोन्ही हात ठेवले, रिकामं. तिथं एरवी बाळाचं बूड लागतं, मऊ, पसरट, हलवलं तर सगळं अंग सोबत हलतं. मग दोन्ही बाजूंनी हात घातले. उजव्या कुशीत कवठासारखं कडक गोल, बोटांनी ढकललं की मागं जाऊन परत बोटांवर येणारं. डोकं. डाव्या कुशीत बूड. खाली ओटीपोटात दोन्ही हातांची बोटं आत घातली तर मध्ये काहीच नाही. बाळाचे ठोके बेंबीजवळच लागले. बाळ आडवं होतं. चार पकडींत एवढं सगळं कळतं. लिओपोल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९०च्या दशकात त्या नीट मांडून दिल्या आणि आजही नर्सिंगच्या पहिल्या शिक्षणात त्याच शिकवतात.

मी कार्डावर ‘आडवं’ लिहिलं आणि मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. सासू म्हणाली, “बाई, आधीची तिन्ही घरातच झालीत की. ह्याच खेपेला काय नवीन?” तिला सांगितलं, मावशी, तीन बाळंतपणं झाली म्हणूनच पोट सैल पडलंय आणि बाळाला आडवं व्हायला जागा मिळालीय. आडव्या बाळाची पाणमोट घरी फुटली तर नाळ आधी बाहेर येते, नाहीतर हात येतो. मग ओढ्याच्या अलीकडे बसून काय करणार?

सोबत मी स्वतः गेले. तिथं ड्युटीवर एक तरुण डॉक्टर. त्याने रिपोर्ट उलगडला, बघितला, परत घडी घातला. डोकं खाली आहे, कळा आल्या की आणा म्हणाला. मी म्हटलं, सर, एकदा हात लावून बघा. तर मला म्हणाला, “सिस्टर, तुमचा हात काय मशीन आहे?” बाई तिथंच बाकावर बसलेली, सासू माझ्याकडे बघत होती. मी जागची हलले नाही. तेवढ्यात वरिष्ठ मॅडम राउंडला आल्या, त्यांना सांगितलं. त्यांनी बाईला आत घेतलं, पोटावर दोन्ही हात ठेवले, लगेच ताजी सोनोग्राफी करायला लावली आणि त्याच दिवशी भरती करून घेतलं. कळा सुरू व्हायच्या आधी सिझेरियन झालं. मुलगा, तब्येतीने उत्तम.

त्या डॉक्टरला मी तेव्हा उलट बोलले नाही, नोकरी होती. आता सांगते. डॉक्टर, तुम्ही बघितलेला रिपोर्ट खोटा नव्हता. तो सात आठवडे जुना होता आणि बाळ पोटात फिरतं. २८ आठवड्यांना चार-पाचातलं एक बाळ पायाळू, म्हणजे बूड किंवा पाय खाली असलेलं, असतं, दिवस भरेपर्यंत बहुतेक आपोआप वळतात आणि शंभरात तीन-चारच तसे राहतात. तसंच आधी सरळ असलेलंही फिरू शकतं, विशेषतः तीन-चार बाळंतपणं झालेल्या बाईचं. त्या दिवशी ते बाळ कुठं आहे हे त्या दिवशी हात लावणाऱ्यालाच कळणार. त्याला अर्धा मिनिट लागतो, पैसा लागत नाही, वीज लागत नाही. तेवढंही न करता बाईला पावसात परत पाठवायला निघालात, ह्याचा राग मला अजून आहे. नव्या मुलींनाही मी हेच ओरडून सांगायची. मागच्या तपासणीचं बघून कार्ड भरू नका. नखं कापा, पोटावर हात ठेवा आणि डोळे बाईच्या तोंडाकडे ठेवा, दुखलं तर आधी तिथं दिसतं.

आता तुमचं. आठव्या महिन्यात बाळ सरळ आहे हे चांगलंच, पण ते तिथंच राहील असं धरून बसू नका. ३६ आठवड्यांनंतर प्रत्येक तपासणीला पोट बघून घ्या. सिस्टरना म्हणा, डोकं कुठं आहे ते बायकोचा हात धरून दाखवा, ज्यांना येतं त्या आनंदाने दाखवतात. पायाळू किंवा आडवं निघालं तर तेल लावून बाळ फिरवून देतो म्हणणाऱ्या कुणाकडेही नेऊ नका. आमच्याकडे अशा बायका आहेत, पायाळू माणसाच्या लाथेने कंबरेतली उसण जाते म्हणणारे आहेत तसेच. बाहेरून बाळ फिरवता येतं, पण ते डॉक्टर करतात, दवाखान्यात, ठोके बघत, आणि लागलंच तर लगेच ऑपरेशन करता येईल अशा ठिकाणी.

सोनोग्राफी नको असं मी म्हणत नाही. वार (प्लॅसेंटा) खाली आहे का, पाणी किती, बाळाची वाढ कशी, हे हाताने पक्कं सांगता येत नाही. जाड पोट असेल, जुळं असेल, पाणी जास्त असेल तर सवयीचा हातही फसतो, आणि पायाळूचं बूड कधी कधी डोक्यासारखं लागतं. सिस्टरना शंका आली किंवा टेपची उंची जुळेना तर सोनोग्राफी कराच. अंगावरून रक्त गेलं तर सिस्टरची, टेपची वाट बघत बसू नका, १०८ बोलवा आणि थेट मोठा दवाखाना गाठा. आणि तिथं कुणी जुना रिपोर्ट बघून परत पाठवायला लागलं तर उठू नका. आधी पोट बघा म्हणा, मग बोलू.