फोनो प्रीअँप: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

फोनो प्रीअँप म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवून अँप्लिफायरला देणारं सर्किट. घरी ते बांधणाऱ्यांच्या पत्रांतली निवडक इथे घेतली आहेत. हमिंगच्या, म्हणजे मागे सतत घूं येण्याच्या, तक्रारी सगळ्यांत जास्त, म्हणून ते उत्तर लांबलं आहे.

प्रश्न: माळ्यावरचा जुना टर्नटेबल काढला. त्याला मॅग्नेटिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, सिग्नल तयार करणारा भाग) आहे. अँप्लिफायरला फोनोचं सॉकेट नाही. ऑक्समध्ये (साध्या लाइन इनपुटमध्ये) लावलं तर आवाज डासाएवढा, आणि तोही चिरका. लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, मिळणाऱ्या भागांतून काही बांधता येईल का? सोल्डरिंग जमतं. (गिरगाव)

उत्तर: येईल. आवाज बारीक, कारण असं कार्ट्रिज १ किलोहर्ट्झला ३ ते ५ मिलिव्होल्टच देतं आणि ऑक्सला त्याच्या शंभरपट लागतं. चिरका, कारण रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. तसं केलं नाही तर खर्जाच्या खाचा एवढ्या रुंद होतील की तबकडीवर गाणीच मावणार नाहीत. वाजवताना हे उलटं करावं लागतं: २० हर्ट्झला सुमारे १९.३ डेसिबल वर, २० किलोहर्ट्झला १९.६ डेसिबल खाली. १९५४ पासून रूढ झालेला हा आरआयएए (अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाची संघटना) वक्र ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद या तीन कालांकांवर उभा आहे.

एनई ५५३२ ही एकच ऑपअँप (सिग्नल वाढवणारी) चिप दोन्ही चॅनेलना पुरते. डाव्या चॅनेलचं असं: सॉकेटपासून २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, तिथून ३ नंबरचा पाय. त्याच पायापासून ग्राउंडला ४७ किलोओहम. १ नंबर म्हणजे आउटपुट. १ ते २ या पायांमध्ये दोन जोड्या एकामागोमाग एक लावायच्या. पहिलीत १८८.२ किलोओहम (१८० अधिक ८.२, सीरिजमध्ये) आणि त्याला समांतर १६.८ नॅनोफॅरड (१० अधिक ६.८, समांतर). दुसरीत १६ किलोओहम आणि समांतर ४.७ नॅनोफॅरड. २ नंबरच्या पायापासून ग्राउंडला २२० ओहम आणि त्याच्याशी सीरिजमध्ये २२० मायक्रोफॅरड. आउटपुटला १०० ओहम, मग १० मायक्रोफॅरड, मग सॉकेट. सॉकेटवर ग्राउंडला १०० किलोओहम. उजव्या चॅनेलला हेच भाग ५, ६, ७ या पायांवर. पाय ८ ला अधिक १५ व्होल्ट, ४ ला उणे १५, आणि दोन्हींपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक अगदी चिपला चिकटून. तो दोन इंच लांब गेला तर चिप ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर ऑसिलेट होते, आणि आवाज कारण नसताना खरखरीत होतो.

या आकड्यांनी १ किलोहर्ट्झला सुमारे ९४ पट, म्हणजे ३९.५ डेसिबल गेन मिळतो आणि भाग नेमके या किमतींचे असतील तर वक्र आदर्शापासून सुमारे डेसिबलच्या दहाव्या भागाइतका हलतो. म्हणून रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म हवेत आणि प्रत्येक चॅनेलच्या वक्राचे तीन कपॅसिटर पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे, ५ टक्क्यांचे, म्हणजे ज्यांवर ‘जे’ छापलेलं असतं ते. प्रत्येकी दहा घ्या आणि मल्टिमीटरवर मोजून दोन्ही चॅनेलसाठी जुळणाऱ्या जोड्या लावा. दोन चॅनेलमधला फरक कान लगेच पकडतो. दोन्हीकडे सारखीच असलेली चूक तितकी पकडत नाही. वक्राच्या कपॅसिटरच्या जागी चकती सिरॅमिक घालू नका.

वीज: १५-०-१५ ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, दोन्ही बाजूंना १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट, मग ७८१५ आणि ७९१५ हे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर. दुकानात १२-०-१२ च असेल तर ७८१२ आणि ७९१२ घ्या. १२ व्होल्टवरून जेमतेम १६ व्होल्ट डीसी मिळतं आणि ७८१५ ला साडेसतरा तरी लागतात. रविवारी लॅमिंग्टन रोडला जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. चिप दोन-तीन जास्तीच्या आणा. नावाला ५५३२ आणि आत भलतंच, असं बाजारात सर्रास आहे. अधिक १५ च्या वायरमध्ये मिलिअँपमीटर घालून पाहा: खरी ५५३२ साधारण ८ मिलिअँपियर घेते. ३ च्या आसपास दिसलं तर आत ४५५८ किंवा टीएल०७२ असण्याची शक्यता मोठी.

प्रश्न: प्रीअँप चालू आहे, गाणं छान येतं, पण मागे सतत घूंऽऽ. टोनआर्मला (कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीला) बोट लावलं की घूं कमी होतं. बॉक्स लोखंडी आहे, ट्रान्सफॉर्मर आतच आहे. कपॅसिटर दुप्पट केले, फरक शून्य. (डोंबिवली)

उत्तर: कपॅसिटर वाढवून फरक पडला नाही यातच अर्धं उत्तर आहे. सप्लायमधला रिपल (डीसीत उरलेली एसीची लहर) १०० हर्ट्झचा असतो. तुमचं घूं बहुधा ५० चं असणार, म्हणजे ते बाहेरून शिरतंय. मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं मोफत अ‍ॅप उघडून स्पीकरजवळ धरा आणि खात्री करा.

बोट लावल्यावर कमी होतं, याचा अर्थ टोनआर्मचा धातू अर्थ झालेला नाही. टर्नटेबलमधून ऑडिओच्या दोन वायरींबरोबर एक बारीक सुटी वायर येते, तिच्या टोकाला बहुधा चिमटा असतो. ती प्रीअँपच्या बॉक्सवरच्या स्क्रूला लावा. ती तुटलेली असेल तर मल्टिमीटरने टोनआर्मपासून तिच्या टोकापर्यंत तपासा. तुटते ती बहुतेक टर्नटेबलच्या तळाशी, पट्टीवरच्या सोल्डरपाशी. एवढ्याने थांबलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

थांबलं नाही तर दोन आरसीए प्लग (ऑडिओ केबलच्या टोकाला असतात तसे) घ्या, आत मधला पाय आणि बाहेरचं कडं तारेने जोडा, आणि टर्नटेबल काढून हे प्लग इनपुटला लावा. घूं गेलं तर दोष टर्नटेबल, केबल किंवा कार्ट्रिजमध्ये. राहिलं तर बॉक्समध्ये.

बॉक्समध्ये असेल तर पहिला संशय ट्रान्सफॉर्मरवर. त्याचं चुंबकीय क्षेत्र लोखंडी पत्र्याने थोडंच अडतं, आणि इथे ४ मिलिव्होल्टच्या सिग्नलला शंभरपट करायचं काम चाललंय. ट्रान्सफॉर्मर बाहेर काढून लांब वायरीवर हातभर दूर न्या. घूं उतरलं की प्रश्न मिटला: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि मोठे कपॅसिटर वेगळ्या डब्यात, तिथून तीन वायरी प्रीअँपला. सगळं एकाच डब्यात बसवण्याचा हट्ट सोडा. दुकानातल्या महागड्या प्रीअँपलासुद्धा बऱ्याचदा वेगळा सप्लाय असतो तो याच कारणाने.

दुसरा संशय ग्राउंडच्या वायरिंगवर. आरसीए सॉकेट पत्र्यापासून प्लास्टिकच्या वॉशरने वेगळे हवेत. दोन्ही मोठ्या कपॅसिटरचा मधला जोड आणि ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप आधी एकत्र यावेत, आणि तिथून एकच वायर बोर्डाच्या ग्राउंडला जावी. टॅप बोर्डाच्या मधोमध आणून सोडला तर चार्जिंगचे झटके इनपुटच्या ग्राउंडमधून वाहतात, आणि मग १०० हर्ट्झचं कर्कश घुरघुरणं येतं. बॉक्सचा पत्रा सर्किटच्या ग्राउंडला एकाच ठिकाणी जोडायचा, इनपुट सॉकेटजवळ.

अँप्लिफायर आणि प्रीअँप दोन्ही तीन पिनांचे असतील तर अर्थचं वर्तुळ पूर्ण होतं आणि त्यातून घूं येतं. यावर अर्थची पिन तोडणं हा उपाय नव्हे. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट टोनआर्मवर येतील. पत्रा अर्थलाच राहू द्या. सर्किटचं ग्राउंड आणि पत्रा यांच्या मधल्या त्या एका जोडात १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर, उलटसुलट दिशेने दोन १एन४००७ डायोड घाला. जुन्या इमारतींत खोलीतल्या सॉकेटला अर्थ नुसता नावाला असतो. इलेक्ट्रिशियनकडून तो तपासून घ्या, मगच हे सगळं.

राहिली शक्यता कार्ट्रिजची. मागच्या चार पिना: पांढरी डावी अधिक, निळी डावी उणे, लाल उजवी अधिक, हिरवी उजवी उणे. काही कार्ट्रिजमध्ये एक उणे पिन बारीक पत्र्याने बाहेरच्या धातूला जोडलेली असते, आणि टोनआर्म वेगळा अर्थ केला की दुहेरी रस्ता तयार होतो. तो पत्रा अलगद काढता येतो.

प्रश्न: गाणं थांबलं की मागे बारीक रेडिओ ऐकू येतो. निवेदकाचे शब्दही कळतात! (मालाड)

उत्तर: मालाड-मालवणीत आकाशवाणीचं मीडियम वेव्ह प्रक्षेपण केंद्र आहे, त्यामुळे नवल नाही. केबल अँटेना होते आणि ५५३२ च्या इनपुटमधला ट्रान्झिस्टर डायोडसारखा वागून रेडिओची लहर सोलून काढतो. केबल आखूड करा. तिचं शील्ड बॉक्सला सॉकेटपाशीच, १० नॅनोफॅरड सिरॅमिकमधून टेकवा. इनपुटच्या मधल्या पायापासून ग्राउंडला सॉकेटवरच १०० पिकोफॅरड. केबल फेराइटच्या रिंगमधून सात-आठ वेढे देऊन काढा. मीडियम वेव्हला नुसता मणी ओवून फारसं होत नाही. तरीही बोलणं चालूच राहिलं तर ओपीए २१३४ लावा. पाय तेच आहेत आणि फेट इनपुट असल्याने रेडिओ कमी पकडते.

प्रश्न: डावा चॅनेल फाटका येतो. १ नंबरच्या पायावर ८.६ व्होल्ट डीसी दिसतं. २२० मायक्रोफॅरड एकच मिळाला, म्हणून डावीकडे त्याच्या जागी तार टाकली होती. त्याने एवढं होतं? (ठाणे)

उत्तर: त्यानेच. चिपच्या इनपुटमधून साधारण २०० नॅनोअँपियर वाहतात. ४७ किलोओहमवर त्याचे ९.४ मिलिव्होल्ट होतात. कपॅसिटर असला की डीसीला गेन १. तार टाकली की डीसीला गेन सव्वानऊशेच्या वर, म्हणून ८-९ व्होल्ट. सिग्नलला एका बाजूला जागाच उरत नाही. कपॅसिटर घातल्यावरही ३०-४० मिलिव्होल्ट दिसतील. ते चालतात, आउटपुटचा कपॅसिटर ते अडवतो. २२० नसेल तर १०० चालवून घ्या, खर्जाचं टोक किंचित झिजेल एवढंच.

प्रश्न: ७९१५ हाताला चटका देतो आणि उणे सप्लाय ३ व्होल्टच आहे. तिसरा बदलला. दोन्ही रेग्युलेटर एकाच पट्टीवर स्क्रूने बसवलेत. (घाटकोपर)

उत्तर: चौथा आणू नका. ७८१५ चा मागचा पत्रा ग्राउंडला असतो, ७९१५ चा मात्र इनपुटला, म्हणजे उणे २० व्होल्टला. दोघांना एकाच पट्टीवर बसवून तुम्ही कच्चा उणे सप्लाय ग्राउंडला शॉर्ट केलाय. मध्ये अभ्रकाचा वॉशर आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशिंग घाला, किंवा पट्टीच काढून टाका. इतक्या कमी करंटला तिची गरज नाही. पायही पाहून घ्या. छापील बाजू समोर धरून ७८१५ चे डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट; ७९१५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट.

प्रश्न: मी सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे जोडलं, व्होल्टेज बरोबर आहेत, पण दोन्ही चॅनेल गोधडीखालून गायल्यासारखे येतात. (परळ)

उत्तर: तुम्ही ४.७ नॅनोफॅरडऐवजी ४७ लावले असावेत. छाप ४७२ हवा, तुमच्याकडे ४७३ आला असेल. दुकानाच्या डब्यात दोन्ही शेजारी असतात. त्याने ७५ मायक्रोसेकंदचे सुमारे ७५० होतात आणि खर्जाच्या तुलनेत वरचे स्वर १० डेसिबल खाली जातात. बाकीचे छाप: १०३ म्हणजे १० नॅनोफॅरड, ६८२ म्हणजे ६.८, १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड.

खात्री करायची तर मोबाइलच्या टोन जनरेटरमधून १०० किलोओहम आणि १ किलोओहमच्या विभाजकातून सिग्नल द्या आणि आउटपुट कॉम्प्युटरच्या लाइन-इनवर रेकॉर्ड करा. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत १०० हर्ट्झ १३.१ डेसिबल वर आणि १० किलोहर्ट्झ १३.७ खाली यायला हवं. साध्या मल्टिमीटरवर १० किलोहर्ट्झ मोजू नका, खोटं दाखवतो.

प्रश्न: उन्हाळ्यात ठणठणीत, जूनपासून डाव्या चॅनेलला कुरकुर. (वसई)

उत्तर: डावाच का, ते चिपचे पाय मोजल्यावर कळतं. डावं इनपुट ३ नंबरवर, शेजारीच ४ नंबरवर उणे १५ व्होल्ट. दोन पायांमध्ये सोल्डरचा फ्लक्स राहिला असेल तर दमट हवेत त्यातून वीज गळते. गळती १०० मेगओहम इतकी क्षीण असली तरी ४७ किलोओहमवर तिचे ७ मिलिव्होल्ट होतात, गाण्याच्या सिग्नलपेक्षा जास्त, आणि ते स्थिर नसल्यामुळे कुरकुरतात. बोर्डाची खालची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा, हेअर ड्रायरने वाळवा. चिप सॉकेटमध्ये असेल तर काढून तिचे पायही पुसा. आरसीए प्लगवर हिरवट थर आला असेल तर तो घासत बसू नका, प्लग बदला.

प्रश्न: सूटकेसवजा जुन्या प्लेअरलाही हाच प्रीअँप लावू का? (दादर)

उत्तर: बहुधा नको. तसल्या प्लेअरमध्ये बहुतेक क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असतं, ते शंभर मिलिव्होल्टच्या वरच देतं. ९४ पट केलं तर नुसता फाटका आवाज येईल. त्याला सरळ ऑक्स द्या, पण मध्ये सुमारे १ मेगओहम इनपुटचा, गेन १ असलेला टीएल०७२ चा बफर घाला. ४७ किलोओहमवर जोडलं तर खर्ज गायब होतो.