उसनं आणावं की विकतच घ्यावं?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयीन ग्रंथालयात आंतरग्रंथालयीन देवघेव (दुसऱ्या ग्रंथालयांकडून पुस्तकं उसनी आणणं) आणि ग्रंथखरेदी हे वेगळे विभाग आहेत. उसनी मागवलेली पुस्तकं पुढे आम्हीच विकत घेतो, असं वारंवार घडतं. मागणी येताच खरेदी करावी का?

उत्तर : करावी, पण सरसकट नको. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००० सालापासून हेच केलं. उसनवारी फुकट असते हा गैरसमज आहे. उत्तर अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या १९९८ मधील अभ्यासात एका मागणीचा सरासरी खर्च मागवणाऱ्याला १८.३५ आणि देणाऱ्याला ९.४८ डॉलर आला होता. त्यातला मोठा वाटा कर्मचाऱ्यांच्या वेळेचा.

चाळणी लावा : गेल्या पाच वर्षांतलं प्रकाशन, अभ्यासविषयाशी संबंध, ठरवलेल्या किमतीच्या आत, आणि पुरवठादाराकडे शिल्लक. यातली एकही अट हुकली की मागणी देवघेवीकडे. छपाई बंद झालेली पुस्तकं उसनीच आणा. एखादंच प्रकरण हवं असेल तर त्याची प्रत मागवा, अख्खं पुस्तक कशाला?

दुबार खरेदी बहुतेक वेळा आयएसबीएनमुळे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकामुळे होते. कापडी बांधणी, कागदी बांधणी आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगवेगळे असतात. केवळ क्रमांक टाकून शोधलं, तर फडताळावरचं पुस्तकही ‘नाही’ असं दिसतं. म्हणून लेखक-शीर्षकानेही शोधा आणि प्रलंबित ऑर्डरी तपासा. दोन्हीकडे एकदम मागणी पाठवू नका, नाहीतर उसनी प्रत आणि विकतची प्रत एकाच आठवड्यात दारात. पुरवठादाराला दोन दिवसांची मुदत द्या; होकार आला नाही तर ऑर्डर लेखी रद्द करून मगच देवघेवीकडे वळा.

योजना फसते ती पुस्तक आल्यावर! चार दिवसांत आलेलं पुस्तक तालिकाकरणाच्या (ग्रंथसूचीत नोंद करण्याच्या) ढिगात तीन आठवडे पडून राहतं. अशा पुस्तकात वाचकाच्या नावाची रंगीत चिठ्ठी घाला, दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला क्रमांक), बारकोड आणि त्रोटक नोंद करून त्याच दिवशी वाचकाला कळवा. वर्गीकरण आणि पूर्ण नोंद पुस्तक परतल्यावर.

निधी वेगळा ठेवा आणि महिन्यांत वाटा. एकगठ्ठा ठेवलात तर पहिल्याच सत्रात दोन-चार उत्साही संशोधक तो संपवतात. क्रमिक पुस्तकं यादीतून वगळा, आणि महिन्याकाठी खरेदीची यादी विषयतज्ज्ञांना दाखवा. संग्रह एकाच अंगाला झुकत असेल तर ते त्यांच्याच नजरेत आधी येतं.