कार्ड घेण्याआधी आकडा बघा

प्रश्न : मिरजेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. तीन कॉम्प्युटर आणि जुन्या डेस्कटॉपवर डेबियन ही लिनक्स सिस्टिम टाकून केलेला सर्व्हर. त्यात ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, एकीची प्रत दुसरीवर. लॅन पोर्ट मदरबोर्डवरचाच, गिगाबिटचा, सगळ्यांना जोडणारा स्विचही गिगाबिटचा. तरी एडिटिंगच्या कॉम्प्युटरवरून लग्नाचं शूट सर्व्हरवर टाकताना वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही. दुकानदार म्हणतात, १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड टाका. बजेट बेताचं आहे. कोणतं कार्ड घेऊ?

उत्तर : तूर्त कोणतंच नको. तुमच्या पत्रातला ११ हा आकडाच सगळं सांगतोय. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीतून कागदावर सेकंदाला १२.५ एमबी (मेगाबाइट) जातात, प्रत्यक्षात ११ ते साडेअकरा. गिगाबिटवर हाच वेग ११०च्या आसपास हवा. वेग नेमका अकरावर अडतो, म्हणजे वाटेत कुठेतरी जोडणी १०० वर उतरलेली आहे. १० गिगाबिटचं कार्ड बसवलंत तरी तेही त्याच केबलवर येऊन अडकेल.

सर्व्हरवर 'इथटूल' (ethtool) ही कमांड पोर्टचं नाव देऊन चालवा आणि 'स्पीड'ची ओळ वाचा. विंडोजवर नेटवर्क अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये हाच आकडा दिसतो. दोन्ही टोकांना बघा. जिथे १०० दिसेल, त्या बाजूची केबल आधी बदला. १०० मेगाबिटला केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोनच लागतात, गिगाबिटला चारही. क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला जॅक बसवताना, एक तार जॅकमध्ये नीट बसली नाही, तर बहुतेक कार्डं कुरकुर न करता १०० वर येतात. लाइट लागलेली असते, इंटरनेट चालतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. एकाच केबलच्या चार-चार तारा वाटून दोन कॉम्प्युटर जोडलेली ऑफिसंही मी पाहिली आहेत. तिथे गिगाबिट कधीच मिळणार नाही. एडिटिंगचा कॉम्प्युटर स्विचऐवजी इंटरनेटवाल्याच्या राउटरला लावलेला असेल, तर राउटरचे पोर्टही तपासा. अनेक राउटर अजून १०० मेगाबिटचेच असतात.

नवी केबल घेताना ती शुद्ध तांब्याची आहे ना, हे विचारून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. कॅट-५ई प्रतीची केबल पुरेशी आहे. इतकं केलंत की ६४ जीबीचं भरलेलं मेमरी कार्ड सर्व्हरवर जायला दीड तासाऐवजी दहा मिनिटं लागतील. लग्नसराईत हा फरक काय असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्यानंतरही वेग वाढवायचा असेल, तर २.५ गिगाबिटच्या पुढे जाऊ नका. हे कार्ड सेकंदाला साधारण २८० एमबी वाहून नेतं. तुमची एकेक हार्ड डिस्क दीडशे ते दोनशेच्या आसपास लिहिते आणि प्रत ठेवण्याच्या रचनेत लिहिण्याचा वेग एका डिस्कइतकाच राहतो. म्हणजे २.५चंही कार्ड पूर्ण वापरलं जाणार नाही, मग १०चे पैसे कशाला घालायचे? शिवाय सगळ्यांना नवं कार्ड लागत नाही. सर्व्हर आणि एडिटिंगचा कॉम्प्युटर यांत नवं कार्ड घाला आणि स्विच बदला, एवढंच. बाकीचे दोघे त्याच नव्या स्विचवर गिगाबिटने चालतील. स्विच विसरून फक्त कार्डं घेतलीत, तर काहीच बदल दिसणार नाही.

दुकानात खोक्यावरच्या कंपनीचं नाव नंतर विचारा, आधी चिप कोणती ते विचारा. २.५ गिगाबिटच्या कार्डांवर बहुतेक वेळा रिअलटेकची आरटीएल८१२५ किंवा इंटेलची आय२२६ असते. तुमच्या डेबियनची आवृत्ती अलीकडची असेल, तर दोन्ही चालतात आणि रिअलटेक स्वस्त पडते. फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या, ओपीएनसेन्ससारख्या फायरवॉल सिस्टिमसाठी मात्र मी इंटेलच घ्यायला सांगतो. तिथे रिअलटेकच्या ड्रायव्हरबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत. इंटेलची आधीची आय२२५ टाळा. तिच्या सुरुवातीच्या चिपमध्ये दोष होता आणि दुकानात ठेवलेलं कार्ड कोणत्या आवृत्तीचं, ते बाहेरून समजत नाही. डेस्कटॉपचा डबा बारका असेल, तर कार्डासोबत ते डब्याच्या मागे बसवायची आखूड (लो-प्रोफाइल) पट्टीही मागून घ्या.

प्रश्न : घरच्या सर्व्हरसाठी जुन्या सर्व्हरमधून काढलेलं इंटेल एक्स५४०-टी२ कार्ड स्वस्तात मिळतंय. माझा स्विच २.५ गिगाबिटचा आहे. घेऊ का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नका घेऊ. हे कार्ड १०० मेगाबिट, १ गिगाबिट आणि १० गिगाबिट एवढेच वेग ओळखतं. २.५ आणि ५ गिगाबिटचं मानक २०१६ मध्ये आलं, हे कार्ड त्याच्या आधीचं. तुमच्या स्विचला लावलंत, तर ते १ गिगाबिटवरच चालेल. भर कामात ते १७ वॅटच्या आसपास वीज खातं आणि सर्व्हरच्या डब्यातल्या जोरदार वाऱ्याच्या भरवशावर बनवलेलं आहे. घरच्या शांत डब्यात, त्यातून एप्रिल-मेमध्ये, वेगळा पंखा लावल्याशिवाय ते टिकवणं अवघड.

१० गिगाबिट खरोखरच हवं असेल, सर्व्हरमध्ये एसएसडी असेल आणि दोनच मशीन जोडायची असतील, तर एसएफपी-प्लस पोर्टची (यात नेहमीचा लॅन जॅक बसत नाही) इंटेल एक्स५२० जातीची दोन कार्डं आणि मध्ये एक डॅक केबल, म्हणजे दोन्ही टोकांना जोड पक्के बसवलेली तांब्याची केबल, घ्या. स्विच लागत नाही, कार्डंही कमी तापतात. फक्त इंटेलची ही कार्डं अनोळखी कंपनीचं ऑप्टिकल मॉड्यूल (फायबर केबलसाठी पोर्टमध्ये बसवायचा जोड) नाकारतात, म्हणून डॅक केबलच बरी. दोन्ही मशीनमध्ये लांब स्लॉट रिकामा आहे का, ते आधी उघडून बघा. ग्राफिक्स कार्डाने तो अडवला असेल, तर हा बेत जमणार नाही.