चादरीचा रंग आणि नोटिशीतला चौथा परिच्छेद

प्रश्न: 2024 च्या चवथीआधी, 20 ऑगस्टला, इन्स्टाग्रामवरच्या एका परराज्यातल्या विक्रेत्याकडून ‘शंभर टक्के नैसर्गिक रंगाची’ सुती डबल चादर 3,200 रुपयांना मागवली. पहिल्याच धुण्यात सासऱ्यांचे पांढरे पंचे गुलाबी झाले. मी जे घडलं तेच रिव्ह्यूमध्ये लिहिलं. आता वर्ष उलटून गेल्यावर त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे. पंधरा दिवसांत रिव्ह्यू काढा, सोबतच्या माफीनाम्यावर सही करून पाठवा, नाहीतर 25 लाखांचा दावा आणि फौजदारी खटला. रागाच्या भरात मी 27 नोव्हेंबरला रिव्ह्यू बदलून ‘चोर’, ‘केमिकल विकणारे’ असं लिहिलं आणि नोटिशीचा फोटो चार-पाच ग्रुपवर टाकला. काका म्हणतात, गोव्यात पोर्तुगीज कायदा आहे, वीस वर्षं पाठ सोडणार नाहीत. सही करून मोकळी होऊ का? (एक वाचक, बार्देश; पत्र संक्षिप्त करून)

उत्तर: सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू.

अशी पत्रं हल्ली वरचेवर येतात. कोणाचं घाण्याचं खोबरेल, कोणाचा कडुलिंबाचा कंगवा, कोणाचा रिठ्याचा साबण. वस्तू बदलते, नोटिशीची भाषा तीच, रक्कम तेवढी ज्याच्या त्याच्या हौसेप्रमाणे. ग्राहकाला आपलं मत मांडायचा अधिकार आहे की नाही, हे मी पुन्हा लिहीत बसत नाही. आहे. समोरचा वकीलही नाही म्हणणार नाही. पण तुमचं प्रकरण त्या अधिकारावर उभंच नाही. ते उभं आहे नोटिशीच्या चौथ्या परिच्छेदावर. तुम्ही 25 लाखांचा आकडा तीनदा लिहिलात आणि चौथ्या परिच्छेदाबद्दल एक अक्षर नाही, त्या अर्थी तो नीट वाचलेला नाही.

त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे की ‘बदनामीकारक मजकूर’ तुम्ही 22 सप्टेंबर 2024 रोजी प्रसिद्ध केला. मुदत कायदा 1963, परिशिष्टातला अनुच्छेद 75: लेखी अब्रुनुकसानीच्या भरपाईचा दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात लावायचा. ते वर्ष 22 सप्टेंबर 2025 ला संपलं. नोटिशीवर तारीख आहे 24 नोव्हेंबरची. दोन महिने उशीर. गेलेली मुदत नोटीस पाठवल्याने परत येत नाही. आणि उशीर माफ करून घ्यायची जी सोय याच कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे ती अपिलांना आणि अर्जांना लागते, दाव्याला नाही. कलम 3 तर याहून कडक आहे. मुदतीचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत तरी कोर्टाने तो आपणहून पाहायचा असतो.

त्यांचा वकील म्हणेल की मजकूर नेटवर अजून आहे, म्हणजे रोज नव्याने अब्रू जाते, म्हणून रोज नवी मुदत. हा युक्तिवाद दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 साली फेटाळला. पहिल्यांदा प्रसिद्ध झालं ती तारीख धरायची, नुसतं नेटवर पडून राहणं म्हणजे नवं प्रकाशन नव्हे. तो निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरीतल्या आपल्या खंडपीठावर बंधनकारक नाही. पण वजन आहे, आणि मी तुमचा वकील असतो तर त्याच्यावरच भिस्त ठेवली असती.

काकांना सांगा की ते अगदीच हवेतलं बोलत नाहीत, फक्त पंचवीसेक वर्षं जुनं बोलतात. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतल्या लांबलचक मुदती गोव्यात चालू राहिल्या, असं सर्वोच्च न्यायालयानेच 1979 मध्ये एका खटल्यात म्हटलं होतं, आणि त्या आधारावर इथे कितीतरी दावे चालले. 2001 मध्ये त्याच न्यायालयाने ते मत बदललं. तेव्हापासून मुदतीच्या बाबतीत गोव्यालाही 1963 चाच कायदा. लग्नानंतरच्या मालमत्तेत जुनी संहिता आजही आहे, म्हणून लोकांना वाटतं सगळ्यातच आहे.

इथवर तुमचा कागद उत्तम होता. मग तुम्ही 27 नोव्हेंबर उजाडवलात.

ताई, चौदा महिने शांत पडलेला मजकूर नोटीस हातात आल्यावर उघडून त्यात नवे शब्द घालणं म्हणजे मुदत संपलेल्या माणसाला आपणच नवी तारीख भेट देणं. नुसतं पडून राहणं वेगळं आणि मजकूर बदलून पुन्हा टाकणं वेगळं. दुसरं नवं प्रकाशन ठरायची दाट शक्यता आहे. म्हणजे ‘चोर’ या शब्दापुरता त्यांचा दावा 27 नोव्हेंबर 2026 पर्यंत जिवंत. ग्रुपवरच्या संदेशांचंही तेच. ‘आमच्याच माणसांचा ग्रुप आहे’ हा बचाव नव्हे, तिसऱ्या माणसाने वाचलं की प्रकाशन झालं. शिवाय जुना रिव्ह्यू तुमच्याकडे नाही, स्क्रीनशॉट काढला नव्हता असं लिहिता. नशीब की समोरच्याने तो नोटिशीत शब्दशः उतरवून दिलाय, तारखेसकट. तेव्हा ती नोटीस आणि पाकीट जपून ठेवा. तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा सध्या तोच आहे, आणि तो तुम्हाला शत्रूने आणून दिला आहे.

आता दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. पहिला: ‘पहिल्या धुण्यात रंग सुटला, पांढरे कपडे खराब झाले, फोन केला तर परत घ्यायला नकार दिला.’ ही घडलेली गोष्ट आहे. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव, आणि पंचे अजून गुलाबी आहेत. दुसरा: ‘हे केमिकल विकतात, चोर आहेत.’ हे तुम्हाला कसं कळलं? रंग सुटला म्हणून? मग माझ्या आईला विचारलं असतंत तरी तिने सांगितलं असतं की हळदीत रंगवलेलं फडकं उन्हात आठवड्यात उतरतं. मंजिष्ठेसारखे बहुतेक झाडपाल्याचे रंग तुरटी किंवा हिरड्याची नीट प्रक्रिया नसेल तर पाण्यात सुटतात. नैसर्गिक रंग कच्चे असू शकतात, कृत्रिम रंग पक्के असू शकतात. त्यामुळे रंग सुटला यावरून चादर वाईट रंगवली होती एवढंच सिद्ध होतं, खोटी होती हे नाही. कोर्टात उलटतपासणीत हा एकच प्रश्न पुरेसा आहे.

म्हणून नवा मजकूर काढा. आधी तो जसा आहे तसा, पत्ता-तारीख दिसेल अशा रीतीने टिपून ठेवा. उद्या इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून दाखवायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल, तेव्हा फोन बदलू नका, विकू नका. मग काढा. जुना सौम्य मजकूर पुन्हा चिकटवायचा मोह होईल, सध्या आवरा. तो खरा आहे, पण आज टाकलात तर त्यालाही आजची तारीख लागेल. ग्रुपवरचे संदेश सगळ्यांकडून जातील याची खात्री नाही, तरी तुमच्या बाजूने काढा. यात माफी नाही, कबुलीही नाही.

कबुली आहे ती त्या माफीनाम्यात. तुम्ही त्याचा फोटो पाठवलात म्हणून बरं. तिसरं वाक्य: ‘मी हेतुपुरस्सर खोटी माहिती पसरवली.’ यावर सही झाली की 22 सप्टेंबरचा तुमचा खरा मजकूरही खोटा ठरला, आणि फौजदारीत जो हेतू त्यांना साक्षीदारांकरवी सिद्ध करावा लागला असता तो तुम्ही सहीनिशी दिलात. पुढे ‘यापुढे तक्रारदार कंपनीविरुद्ध कोठेही दाद मागणार नाही’ असंही आहे. म्हणजे चादरीचे पैसेही गेले. पंधरा दिवस हा आकडा कायद्यातला नाही, त्यांच्या टायपिस्टच्या कॉम्प्युटरमधला आहे.

फौजदारीबद्दल मी छातीठोक बोलणार नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 356, शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. अशा गुन्ह्यांना मुदत तीन वर्षांची, त्यामुळे इथे वर्ष संपल्याचा फायदा नाही, जुना मजकूरही कक्षेत येतो. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा घटनेत बसतो असं सांगून तो वाद संपवला. अपवाद आहेत: सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य, स्वतःच्या किंवा इतरांच्या हितासाठी सद्भावनेने केलेला आरोप, दुसऱ्याला सावध करण्यासाठी केलेली सूचना. पहिला रिव्ह्यू यांत सहज बसावा. ‘चोर’ बसेलच असं मी म्हणणार नाही. एक दिलासा आहे. यात पोलीस थेट दारात येत नाहीत, खाजगी फिर्याद करावी लागते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 223 प्रमाणे दखल घेण्याआधी मॅजिस्ट्रेटने तुमचं म्हणणं ऐकायचं असतं. पूर्वी समन्स आल्यावरच कळायचं. फिर्याद ते त्यांच्या गावी करतील की इथे, हे आज सांगता येत नाही.

एक गोष्ट पत्रात नाही आणि ती मला हवी. चादर पैसे देऊन घेतली म्हणता, पण त्यासोबत ‘रिव्ह्यूसाठी’ म्हणून काही फुकट आलं होतं का? उटणं, साबण, कूपन, काहीही? आलं असेल आणि तुम्ही ते लिहिलं नसेल तर सद्भावनेच्या बचावाला तडा जातो. वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा, तिसऱ्या नव्हे.

आता उलट बाजू, जिच्याकडे कोणीच बघत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69 तुम्हाला दोन वर्षं देतं. खरेदीपासून मोजा म्हणजे वाद नको: 20 ऑगस्ट 2026. कंपनी कुठलीही असो, तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही होते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बिल नाही म्हणून रडू नका. बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. यूपीआयची नोंद आणि ऑर्डरचे संदेश काढा. पैसे कोणाच्या नावावर गेले ते मात्र बघा, बहुधा कंपनीच्या नावाऐवजी कोणा माणसाचं नाव निघेल. ‘नैसर्गिक’ या शब्दाला पुरावा द्या, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांच्या जोरावर विचारता येतं. ज्या आरोपासाठी तुम्ही आज आरोपी व्हायला निघालात, तोच प्रश्न म्हणून विचारला की उत्तर द्यायची जबाबदारी त्यांची.

किती मिळेल? चादरीचे पैसे, पंच्यांचे, थोडा खर्च. फार नाही. केव्हा मिळेल हे तर मला विचारूच नका. कायदा म्हणतो तीन महिने, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच. हे आकडे ज्यांनी लिहिले त्यांना एकदा आयोगाच्या बाकावर बसवावं. कधी सदस्याची जागा रिकामी, कधी समोरच्याला नोटीस पोचलीच नाही, कधी प्रयोगशाळेचा अहवाल येत नाही. म्हापशाचा बाजार दर शुक्रवारी भरतो, तसली नियमितता आम्हाला कोर्टात मिळाली असती तर माझे केस अजून काळे असते. तरी तक्रार करा, कारण ती दाखल असली की 25 लाखांच्या भाषेला वेगळा सूर येतो. दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. नोटिशीत शून्य वाढवायला काही लागत नाही.

नोटिशीला उत्तर देणं सक्तीचं नाही, पण द्या, वकिलाकरवी, स्पीड पोस्टाने, अर्ध्या पानाचं. त्यांच्याच चौथ्या परिच्छेदातल्या तारखेप्रमाणे दावा मुदतबाह्य आहे, मूळ मजकूर सत्य आहे, माफीनामा नामंजूर, आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ याचा आधार कळवावा. 27 नोव्हेंबरच्या मजकुराचा उल्लेख आपण होऊन करायचा नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

राहिली चादर. ‘रागाने फाडून तिची लादी पुसायची फडकी केली’ असं तुम्ही तळटीपेत, जणू गंमत म्हणून लिहिलंय. आयोगाने तपासणीला नमुना मागितला तर काय देणार आहात? एखादं फडकं अजून न वापरलेलं असेल तर आजच पाकिटात घाला, वर तारीख लिहा, घरातल्या दोघांच्या सह्या घ्या. सगळी बादलीत गेली असतील तर त्यातलं सगळ्यात कमी विटलेलं काढून सावलीत वाळवा. आणि आता तरी धुऊ नका.